अ‍ॅटॉमिक फोर गरम होतंय? पंपाला दोष देण्याआधी पाण्याची वाट तपासा

अमेरिकेत जुनी शिडाची बोट विकत घेणाऱ्याच्या वाट्याला बरेचदा अ‍ॅटॉमिक फोर इंजिन येतं. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावच्या युनिव्हर्सल मोटर कंपनीने १९४७ ते १९८४ या काळात हे चार सिलिंडरचं, ३० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन बनवलं. सुमारे ४०,००० इंजिनं बाहेर पडली आणि १९६०-७०च्या दशकांतल्या टार्टन ३०, पिअर्सन ३०, कॅटालिना ३० अशा बोटींमधून ती आजही धावतात. या बोटी तुलनेने स्वस्त मिळतात, सुटे भाग अजून मिळतात, त्यामुळे तिकडच्या हौशी मराठी मंडळींसाठीही सुरुवातीला ही चांगली निवड आहे.

नव्याने दुरुस्त करून रंगवलेलं इंजिन पहिल्याच फेरीत तापलं, की धक्क्यावरचा प्रत्येक जण सांगतो, "इम्पेलर बदला." (इम्पेलर म्हणजे पंपात फिरून पाणी ओढणारं रबरी पात्यांचं चाक.) सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. पुनरुज्जीवन केलेल्या इंजिनात पंप ठीक असून पाणी दुसरीकडेच अडलेलं असणं फार नेहमीचं आहे. म्हणून पंप उघडण्याआधी पाणी नेमकं कुठे थांबतंय ते मोजून ठरवायचं. त्यासाठी एक बादली, घड्याळ आणि मीटरभर नळी पुरते.

पाणी जातं कसं

कारखान्यातून आलेलं अ‍ॅटॉमिक फोर थेट समुद्राच्या किंवा तळ्याच्या पाण्यावर थंड होतं. मोटारीसारखा रेडिएटर नाही. बोटीच्या तळातल्या सीकॉकमधून, म्हणजे बंद-उघड करता येणाऱ्या तोटीतून, पाणी आत येतं, गाळणीतून पंपात जातं आणि पंपातून बाहेर पडल्यावर एका टी-जोडापाशी त्याला दोन वाटा फुटतात. एक वाट ब्लॉकच्या (सिलिंडर असलेल्या बिडाच्या मुख्य भागाच्या) बाजूच्या पत्र्यातून ब्लॉकमध्ये, तिथून हेडमध्ये आणि मग थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या) घरात जाते. दुसरी वाट म्हणजे बायपास: ब्लॉकला वळसा घालून नळीतून सरळ थर्मोस्टॅटच्या घरात. तिथून पुढे दोन्हीकडचं पाणी एकत्र होऊन एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये शिरतं आणि शेवटी एक्झॉस्टच्या गरम धुरात मिसळून मागच्या बाजूने बाहेर पडतं. (ही रचना नंतरच्या काळातल्या इंजिनांची. सुरुवातीच्या इंजिनांत नळ्यांची मांडणी वेगळी आहे, पण तपासायचा क्रम तोच.)

हा बायपास नवख्याला हमखास चकवतो. मागून पाणी धो-धो पडतंय, तरी काटा १८० फॅरनहाइटच्या पुढे, असं दिसलं की माणूस गोंधळतो. बाहेर पडणारं पाणी ब्लॉकमधूनच आलंय असं धरून चालू नका. ते सगळं बायपासने निघून आलेलं असू शकतं.

तापमान किती असावं? थेट समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या इंजिनाचा काटा १४० ते १६० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिला पाहिजे. इतर इंजिनांच्या मानाने हे थंड वाटेल, पण त्याला कारण आहे. खारं पाणी ७० अंशांच्या वर तापत राहिलं की त्यातले क्षार भराभर भिंतींवर बसतात आणि ब्लॉकमधल्या वाटा बुजू लागतात. म्हणून "चालतंय थोडं गरम" म्हणून चालवत राहिलेलं इंजिन पुढच्या हंगामात आणखी गरम होतं. उलट ज्या इंजिनावर नंतर हीट एक्स्चेंजर (समुद्राच्या पाण्याने कूलंट थंड करणारं साधन) बसवलेला आहे, त्यात ब्लॉकमध्ये कूलंट फिरतो आणि १८० फॅरनहाइट हे नेहमीचं तापमान असतं. आपलं इंजिन कोणत्या प्रकारचं आहे ते आधी बघा.

हात लावण्याआधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साचते. इंजिनचं झाकण उघडा, नाकाने वास घ्या, ब्लोअर (आतली हवा बाहेर फेकणारा पंखा) किमान ४ मिनिटं चालवा आणि मगच स्टार्टरला हात लावा. वास येत असेल तर ब्लोअरच्या भरवशावर पुढे जायचं नाही. आधी गळती शोधायची.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. इंजिन सुरू न होता नुसता स्टार्टर फिरत राहिला, तर पंपही फिरतो आणि पाणी एक्झॉस्टच्या मफलरमध्ये भरत जातं. ते बाहेर ढकलायला धुराचा जोर नसतो. मफलर भरला की पाणी उलटं मॅनिफोल्डमधून सिलिंडरमध्ये शिरतं. म्हणून इंजिन पटकन सुरू होत नसेल तर सीकॉक बंद करून स्टार्टर मारा आणि इंजिन धरताच सीकॉक उघडा. याच कारणासाठी धक्क्यावरच्या नळाची दाबाची नळी कधीही थेट पंपाच्या तोंडाला जोडू नका. इंजिन बंद असताना नळाचं पाणी इम्पेलरच्या पात्यांवरून रेटून पुढे जातं आणि त्याच वाटेने सिलिंडरपर्यंत पोचतं.

प्रवासात काटा अचानक चढला तर इंजिन बंद करा, शीड उभारा किंवा नांगर टाका आणि इंजिनाला आपोआप निवू द्या. तापलेल्या बिडाच्या ब्लॉकवर गार पाणी ओतलं तर तो तडकू शकतो.

लक्षण काय सांगतं

सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा सरळ वर जातो आणि मागून फक्त वाफ किंवा कोरडा धूर येतो: पाणी येतच नाही. सीकॉक बंद राहिलाय, गाळणी भरली आहे किंवा इम्पेलर फाटलाय.

स्लोला ठीक, पण वेग वाढवला की गरम: ओढण्याच्या बाजूला अडथळा आहे किंवा ब्लॉक आणि मॅनिफोल्डमध्ये पपडी साचली आहे. थोडं पाणी जातंय, पण जास्त हवं तेव्हा मिळत नाही. मऊ नळी वेगात आत चिमटते का, हे याच वेळी बघा.

स्लोला गरम, वेग वाढवला की उतरतं: इम्पेलर झिजलाय, पंपाच्या झाकणाला चर पडलेत किंवा कुठून तरी हवा ओढली जातेय. वेगात पंप ती कसर भरून काढतो.

मागे भरपूर पाणी, तरी गरम: बायपास किंवा थर्मोस्टॅट. त्याबद्दल खाली.

काटाच खोटं बोलतोय का, हेही एकदा पडताळून घ्या. जुने सेन्सर आणि गंजलेली वायरची टोकं काहीही दाखवतात. इन्फ्रारेड थर्मामीटर हेडवर थर्मोस्टॅटच्या घराजवळ धरा. मग ब्लॉकच्या चारही सिलिंडरांपाशी मोजा. काळ्या किंवा रंगवलेल्या पृष्ठभागावर हे वाचन भरवशाचं येतं, चकचकीत पितळेवर नाही.

बादलीची परीक्षा

सगळ्या तपासणीत ही सर्वांत उपयोगी. बाकी काही केलं नाही तरी ही कराच.

१. सीकॉक बंद करा. पंपाच्या आत जाणारी नळी काढा आणि त्या तोंडाला तार किंवा जाड अस्तर असलेली मीटरभर लांबीची वेगळी नळी क्लॅम्पने घट्ट बसवा.

२. इंजिनाशेजारी १५ लिटर पाणी भरलेली बादली ठेवा. आत लिटरच्या खुणा करून घ्या. नळीचं टोक तळापर्यंत पोचू द्या, पण तळाला चिकटू देऊ नका.

३. इंजिन सुरू करून १,००० आरपीएमच्या आसपास ठेवा. पाणी ओढायला लागलं की घड्याळ लावा. बरा पंप मिनिटाला ढोबळमानाने ७ लिटर ओढतो, म्हणजे मिनिटभरात बादली अर्ध्यावर येते. तीन-चार लिटरच गेले तर दोष पंपात किंवा पंपाच्या पुढे आहे.

४. बादली तळाला जाण्याआधी इंजिन बंद करा. कोरडा फिरणारा रबरी इम्पेलर मिनिटाच्या आत खराब होऊ शकतो, कारण त्याला वंगण फक्त पाण्याचंच असतं.

बादलीतून पाणी जोरात ओढलं गेलं, तर पंप निर्दोष. मग दोष बादलीने ज्यांची जागा घेतली त्यांच्यात: सीकॉक, गाळणी, मूळ नळी. मूळ नळीचं सुटं टोक बोटीबाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली धरून रिकाम्या बादलीत सोडा आणि सीकॉक उघडा. पाणी नळीभर, जोरात आलं पाहिजे. बारीक धार आली तर सीकॉकमध्ये शिंपले, शेवाळ किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली आहे. धार चांगली असेल, पण चालू इंजिनात पाण्यात फेस दिसतो, तर हवा शिरतेय. सर्वांत आधी गाळणीच्या झाकणाची रबरी कडी बघा, मग क्लॅम्प. शंका आली तर ओढण्याच्या बाजूला थोडा वेळ पारदर्शक, जाड भिंतीची नळी लावून बघा. बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

बादलीतूनही पाणी कमी ओढलं गेलं, तर आणखी एक छोटी चाचणी. इंजिन थंड असताना पंपाची बाहेर जाणारी नळी काढून दुसऱ्या बादलीत सोडा आणि इंजिन स्लोला फक्त ३० सेकंद चालवा. त्याहून जास्त नाही, कारण आता एक्झॉस्टच्या रबरी नळीत पाणी जात नाही आणि ती जळू शकते. मोकळ्या तोंडाने पाणी जोरात आलं तर अडथळा पुढे, ब्लॉक किंवा मॅनिफोल्डकडे. तरीही मंद आलं तर आता पंप उघडायला हरकत नाही.

पंप उघडताना

या इंजिनांवर बहुतेक ओबरडॉर्फर, शेरवुड किंवा जॅब्स्कोचा ब्राँझचा पंप दिसतो. तो गिअरवर चालतो, त्यामुळे पट्टा सैल होण्याचा प्रश्न नाही. आतली रचना सोपी आहे. गोल पोकळीच्या एका बाजूला कॅम नावाचा फुगवटा असतो. रबरी पाती त्यावरून जाताना दबतात, पलीकडे जाऊन उघडतात आणि उघडताना पाणी ओढतात. पाती, कॅम, मागचा पत्रा आणि पुढचं झाकण यांपैकी कोणाचीही कड सैल झाली की ओढ कमी होते.

झाकण बऱ्याच बोटींत हाताने चाचपडतच उघडावं लागतं. छोटा आरसा आणि टॉर्च ठेवा, खाली कापड पसरा, म्हणजे स्क्रू बिल्जमध्ये पडणार नाहीत. सीकॉक बंद आहे याची पुन्हा खात्री करा.

इम्पेलर सरळ ओढून काढा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलंत तर पंपाच्या कडेला चरे पडतात आणि तिथून कायमची गळती सुरू होते. काही पंपांत इम्पेलर चावीवर (शाफ्टच्या खाचेतल्या धातूच्या छोट्या तुकड्यावर) बसतो, काहींत शाफ्टच्या चपट्या भागावर. चावी असेल तर ती हातात आली का बघा. आता पाती मोजा. प्रत्येक पातं वाकवून मुळाशी तडा आहे का पाहा. मधला धातूचा तुकडा रबरापासून सुटलाय का, हेही तपासा. तसा सुटलेला इम्पेलर दिसायला धडधाकट असतो, पण शाफ्ट फिरतो आणि रबर जागेवर राहतं.

पातं तुटलेलं असेल तर तुकडे सापडेपर्यंत काम संपलेलं नाही. ते पुढच्या पहिल्या अरुंद जागी अडकतात: टी-जोड, ब्लॉकच्या पत्र्यावरचं नळीचं तोंड, थर्मोस्टॅट. तुकडे टेबलावर जुळवून पातं पूर्ण करा. ही पायरी टाळल्यामुळे नवा इम्पेलर घालूनही इंजिन गरमच राहतं.

झाकणाच्या आतल्या बाजूवरून नख फिरवा. नख चरात अडकलं तर ते झाकण झिजलंय. मागची बाजू सपाट असेल तर उलटं बसवून चालतं. नाहीतर काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून त्यावर झाकण गोल-गोल घासा, चर जाईपर्यंत. खोल चर असतील तर नवीन घ्या.

नवा इम्पेलर बसवताना पात्यांना भांडी घासायचं लिक्विड किंवा ग्लिसरीन लावा. पेट्रोलियम ग्रीस निओप्रीनला फुगवतं, म्हणून नको. शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने इम्पेलर पिळत आत सरकवा. पाती पंपाच्या कडेशी समपातळीत बसली पाहिजेत. गॅस्केट मूळ जाडीचाच हवा. जाड कागदाचा गॅस्केट घातला की पाती आणि झाकण यांत फट राहते आणि पंप स्लोला पाणी उचलत नाही. स्क्रू समोरासमोरचे, थोडे-थोडे आवळा. ब्राँझमधले आटे लगेच जातात.

सील आणि ते छोटं भोक

पंपाच्या शाफ्टवर दोन सील असतात. एक पाणी अडवतं, दुसरं इंजिनचं ऑइल. दोघांच्या मध्ये पंपाच्या खालच्या बाजूला एक भोक असतं. तिथून पाण्याचे थेंब आले तर पाण्याचं सील गेलं, ऑइल आलं तर दुसरं. थेंब पडणं ही इंजिनाने दिलेली वेळेवरची सूचना आहे.

पुनरुज्जीवन केलेल्या इंजिनात हे भोक रंगाने किंवा ग्रीसने बुजलेलं सापडतं. मग सील फुटल्यावर पाण्याला बाहेरची वाट राहत नाही आणि ते शाफ्टवरून थेट ऑइलमध्ये जातं. डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर पहिली शंका इथे घ्या आणि त्यानंतर हेड गॅस्केट, ब्लॉकचा तडा, एक्झॉस्टमधून उलटं आलेलं पाणी यांकडे वळा. भोक बारीक तारेने साफ करा. असं ऑइल एकदा बदलून भागत नाही. नवं घालून थोडं चालवून पुन्हा, स्वच्छ येईपर्यंत बदलायचं.

सील बदलताना स्प्रिंगची बाजू ज्याला अडवायचं त्या द्रवाकडे ठेवा. शाफ्टवर सीलने खोल चर पाडला असेल तर नवं सीलही टिकणार नाही, शाफ्ट बदला. आधीच झिजलेला कॅम, शाफ्ट आणि पंप असं सगळंच असेल तर पूर्ण नवा पंप घेणं शहाणपणाचं. अ‍ॅटॉमिक फोरचेच भाग विकणाऱ्या मॉयर मरीनसारख्या दुकानांत तो मिळतो. परत बसवताना शाफ्टचं टोक त्याला फिरवणाऱ्या आतल्या भागात नीट अडकलंय याची खात्री करा. पंप अलगद, हाताने पूर्ण टेकला पाहिजे. बोल्ट आवळून बळेच ओढू नका.

पंपाच्या पुढे

सर्वांत आधी मॅनिफोल्डमधून निघणारी नळी आणि एक्झॉस्टमध्ये पाणी सोडणारं तोंड तपासा. खारं पाणी आणि भयंकर उष्णता इथेच भेटतात, त्यामुळे क्षार आणि गंज इथे सर्वांत आधी धरतात. अर्ध्या इंचाच्या तोंडात पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली सापडते. स्क्रू ड्रायव्हरने खरवडा, फारच खाल्लेलं असेल तर तो भाग बदला.

मग थर्मोस्टॅट. काढून भांड्यात पाणी आणि थर्मामीटर घेऊन तापवा. ६० अंशांच्या आसपास उघडायला हवा. बंदच राहिला तर ब्लॉकमधलं पाणी अडतं आणि सगळा प्रवाह बायपासने मागे जातो. नंतरच्या इंजिनांत मूळ थर्मोस्टॅट दुहेरी कामाचा होता: उघडताना बायपास बंद करायचा. आता त्याच्या जागी साधा थर्मोस्टॅट असेल किंवा कोणी तो काढूनच टाकला असेल, तर बायपास सताड उघडा राहतो. पाणी सोपी वाट धरतं आणि ब्लॉक तापतो. म्हणजे थर्मोस्टॅट काढल्याने हे इंजिन जास्त गरम होऊ शकतं. यावर उपाय म्हणून बायपासच्या नळीत एक छोटा व्हॉल्व्ह बसवतात आणि तो जवळपास बंद ठेवून १४० ते १६०च्या दरम्यान काटा स्थिर होईपर्यंत थोडा-थोडा फिरवतात.

ब्लॉकमध्ये गाळ आणि गंज असेल तर उलट्या दिशेने धुवा. आधी मॅनिफोल्डची नळी एक्झॉस्टपासून सोडवून बादलीत घ्या, म्हणजे पाणी मफलरकडे जाणार नाही. थर्मोस्टॅट काढा, त्या जागेतून नळाचं पाणी हळू सोडा आणि ब्लॉकच्या बाजूच्या तोंडातून बाहेर पडू द्या. सुरुवातीला तपकिरी गाळ आणि पापुद्रे येतील, पाणी नितळ होईपर्यंत चालू ठेवा. क्षारांसाठी पांढरं व्हिनेगर ब्लॉकमध्ये भरून रात्रभर ठेवलं तर चालतं. जोरदार आम्लाने काम लवकर होतं, पण पातळ झालेल्या जुन्या बिडाच्या भिंतीही उघड्या पडतात. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. ब्लॉकच्या बाजूचा पत्रा उघडला तर आत हाताने खरवडता येतं, मात्र गंजलेले स्टड तुटतात. आधी भेदक तेल देऊन एक-दोन दिवस थांबा.

नव्या कामातले जुने घोटाळे

इंजिन नुकतंच दुरुस्त होऊन आलं असेल तर हे मुद्दाम बघा. नळ्यांच्या जोडांवर गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपचे तुकडे आत सुटलेत का. सिलिकॉनचा जादा लगदा टी-जोडात गेलाय का. ओढण्याच्या बाजूला अस्तर नसलेली मऊ नळी लावली आहे का. बायपास आणि ब्लॉकच्या नळ्या उलटसुलट झाल्या आहेत का. वाहतुकीत आणि हातोड्याच्या ठोक्यांनी सुटलेले गंजाचे पापुद्रे पहिल्या दहा-बारा तासांत थर्मोस्टॅटपाशी येऊन बसतात, म्हणून तेवढ्या वापरानंतर तो पुन्हा एकदा उघडून बघाच. सायफन तोडणारा (नळीत हवा सोडून पाणी आपोआप ओढलं जाणं थांबवणारा) वरचा व्हॉल्व्ह मिठाने जाम झाला असेल, तर उभ्या बोटीत समुद्राचं पाणी आपोआप एक्झॉस्टमधून इंजिनात येऊ शकतं. तोही धुवून मोकळा करा.

बोटीवर कायम काय असावं: एक इम्पेलर, दोन गॅस्केट, झाकणाचे जादा स्क्रू, थर्मोस्टॅट, गाळणीची रबरी कडी आणि बादलीची ती मीटरभर नळी. इंजिन ठीक असतानाच बादलीची परीक्षा एकदा करून आपल्या पंपाचा आकडा इंजिनाच्या वहीत लिहून ठेवा. पुढे तुलना त्याच आकड्याशी करायची, दुसऱ्या कोणाच्या नाही.

हंगाम संपला की, विशेषतः पाणी गोठतं अशा ग्रेट लेक्सच्या भागात, ब्लॉक आणि मॅनिफोल्ड पूर्ण रिकामे करा आणि बोटींसाठी मिळणारं गुलाबी अँटिफ्रीझ फिरवा. मग इम्पेलर काढून ठेवा, कारण महिनोन्महिने एकाच जागी दबलेली पाती तशीच वाकडी राहतात. काढलेला इम्पेलर इंजिन सुरू करायच्या चावीला दोरीने बांधा, म्हणजे वसंतात कोणीही तो बसवल्याशिवाय स्टार्टर मारणार नाही.